भिंगावरची काच

रूपरावांनी लग्नाच्या फोटोची तिसरी प्रत उन्हात धरली. तीच गत. सुलोचनेच्या नाकडोळ्यांच्या जागी मेणबत्तीची पांढरी ज्योत, तीही उलटी.

फोटोतली खरी मेणबत्ती खाली, बुद्धाच्या तसबिरीपुढे, जागच्या जागी जळत होती. मग ही दुसरी आली कुठून? कारंजा गावात आठ वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाला एवढं सांगता येऊ नये, याचा त्यांना स्वतःचाच संताप आला.

"फोटो धुवाचं पाणी खराब असंन," ते म्हणाले.

"तिन्ही डाव?" दारात उभ्या तानाबाईंनी विचारलं. नवरी सुलोचना त्यांचीच लेक.

रूपरावांनी तिरीमिरीत कॅमेरा तिवईवर चढवला, टेबलावर मेणबत्ती पेटवली आणि काळ्या कापडाखाली डोकं घातलं. मागच्या दुधी काचेवर दोन ज्योती दिसल्या. एक खरी, एक फिकट. त्यांनी भिंगाच्या तोंडावरची काच फिरवून काढली. फिकट ज्योत गेली. परत बसवली. परत आली.

शेजारच्या जिनिंग कारखान्यातला कापूस भिंगावर बसतो, पुसताना चरे पडतात, म्हणून ही काच त्यांनी नागपूरहून हौसेनं आणली होती. उन्हातला धूसरपणाही कमी करते, असं दुकानदार म्हणाला होता. तेव्हापासून ती काढलीच नव्हती. लग्नाच्या घाईत माणसं चौकटीत बसली, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. आता कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"या काचेचा दोष आहे, बाई. लेक-जावयाले बोलवा. पुन्हा बसवू, पुन्हा काढू."

"लगन का दोन डाव लागते, भाऊ?" तानाबाईंचा आवाज चढला. "दीक्षेनंतरचं आमच्या गावातलं पह्यलं लगन. ना भट, ना होम. लोक म्हणून राह्यले, हे लगनच नोहे. म्हटलं, फोटो दाखवीन त्याहीले. आता तेच म्हणतीन, पाहा, नवरीचं तोंडच जळालं."

रूपरावांनी मेणबत्ती फुंकली.

"हे काच कायले लावली होती?"

"भिंगाले चरा पडू नये म्हणून."

"पडला का?"

रूपरावांनी भिंग उजेडाकडे वळवलं. अगदी नव्यासारखं लखलखत होतं.

"नाई."

तानाबाईंनी तिन्ही फोटो पदरात गुंडाळले.

"चांगलं जपलं तुमी," त्या म्हणाल्या आणि पायरी उतरल्या.