आवाज आला की बटण

"आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, कितीही बारीक असला तरी," कान तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले, केबिनचं जाड दार लावलं आणि काचेपलीकडे मशीनपाशी जाऊन बसल्या.

चांगला दांडगा माणूस, आठवडाभर पत्र्याच्या प्रेसवर राबणारा, आणि हातातलं एवढंसं बटण घामाने निसटत होतं. घाबरायचं कारणही तसंच होतं. कारखान्याच्या मागच्या तपासणीत शेजारच्या प्रेसवरचा गडी नापास झाला, तर त्याला उचलून गेटवर बसवला, रोज संध्याकाळच्या पाळीला. आपलंही तसंच झालं तर शनिवारची संध्याकाळ गेली. शनिवारी हा एका हॉटेलात सॅक्सोफोन वाजवायचा. जॅझ. तेवढ्याच्या जोरावर बाकीचा आठवडा रेटायचा.

आणि कान दगा देताहेत हे त्याला पक्कं माहीत होतं. बायको म्हणायची टीव्ही बोंबलतोय, हा म्हणायचा तूच पुटपुटतेस. घरात वेळ मारून नेता येते हो. पण गेल्या शनिवारी पियानोवाल्याने शेवटचे सूर अगदी हलके सोडले, ते याला आलेच नाहीत. त्याची बोटं बघून याने आपला सूर धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि हा मान खाली घालून सॅक्सोफोन पुसत राहिला.

सुरुवातीचे आवाज जाडे होते. दाबलं बटण. मग बारीक. दाबलं. मग काहीच नाही. नुसती शांतता.

पण एक गोष्ट त्याने हेरली होती. सकाळपासून माणसं तपासून बाई कंटाळल्या असाव्यात; आवाज सारख्याच अंतराने येत होते. एक आवाज, तीन मात्रा रिकाम्या, पुन्हा आवाज. एवढं मिळाल्यावर वाजवणाऱ्याला आणखी काय लागतं? त्याने डोळे मिटले, बुटातल्या अंगठ्याने ठेका धरला आणि काही ऐकू येत नसताना बटण दाबत सुटला. एकदाही चुकला नाही. हळूहळू भीती ओसरली. सुटलो बुवा, असंही वाटून गेलं.

खांद्यावर हात पडला तसा तो दचकला. बाई केबिनच्या आत, त्याच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी त्याचे हेडफोन उतरवले.

"भाऊ," त्या चढ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "मशीन मी मघाशीच बंद केलंय."

त्याने मान हलवली. तेवढ्यात त्याच्या हाताने आणखी एकदा बटण दाबलं, बरोबर मात्रेवर.