रस्त्यावरून दिसणारं नाव

"फोटो नको," छापखान्याचा म्हातारा मालक टोलेफसन म्हणाला. "नाव मोठं करू."

वर्लिन क्राउझने खिशातून काढलेला फोटो हातातच राहिला. त्याची बायको एडलिन रविवारपासून घरी नव्हती. शेरीफने हात झटकले होते. बायका रुसतात, माहेरी जातात, थंडी वाढली की परत येतात, असं त्याचं म्हणणं. एडलिनला माहेरच नव्हतं. म्हणून वर्लिन पोस्टर छापून घ्यायला आला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. गावात ज्याने त्याला पाहिलं, त्याचा जीव कळवळला.

"फोटोशिवाय ओळखणार कसं लोक, काका?"

"फोटो छापायचा तर त्याचा धातूचा ठोकळा मिलवॉकीहून करून आणावा लागतो. दोन आठवडे. थांबतोस?"

थांबणं वर्लिनला शक्य नव्हतं. एडलिनला ओळखणारं गावात तसं कोणी नव्हतंही. दलदलीपलीकडच्या शेतावर तो तिला घेऊन आला, त्याला सहा वर्षं झाली. बाजारहाट तोच करी.

म्हाताऱ्याने खण ओढला. जत्रांची, लिलावांची, शनिवारच्या नाचाची आमच्या भागातली सगळी पोस्टरं याच खणातून निघत. मेपलच्या लाकडात कोरलेले छपाईचे खिळे, एका खिळ्यावर एक अक्षर, वीतभर उंच आणि जेमतेम दोन बोटं रुंद. अक्षरं अंगाने जाड, पण दोन्ही बाजूंनी चेपलेली. कुठे शेपूट नाही की नक्षी नाही. भरलेल्या बाकावर खांदे आवळून बसलेल्या माणसांसारखी ती एकमेकांना खेटून बसत, आणि अरुंद कागदावरही लांबलचक नाव भलं उंच छापता येई. टोलेफसनला या अक्षरांचं वेड होतं. ते वेड ऐकून घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका नसे.

"ट्रकवाला धावत्या गाडीतून फोटो बघत नसतो," तो म्हणाला. "हे काळं अक्षर बघतो. वर 'हरवली आहे', खाली नाव. कागद भरून टाकू."

"आणि खुणा?"

"तळाला, बारीक खिळ्यांत. सांग."

"केस तपकिरी. समोरचा एक दात अर्धा तुटलेला."

"कशाने?"

"पायरीवरून पडली. डावी करंगळी वाकडी."

"ती कशाने?"

"दारात सापडली. उजव्या अंगठ्यावर तिरका वण. आतल्या बाजूला, या कडेपासून त्या कडेपर्यंत." वर्लिनने आपल्याच अंगठ्यावर रेघ ओढून दाखवली. "डब्याचा पत्रा लागला. वेंधळी आहे हो, काका. स्वतःची शुद्ध नाही तिला. म्हणून तर माझा जीव थाऱ्यावर नाही."

टोलेफसनच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याने दुसरी घेतली.

"तीन दिवस लागतील," तो म्हणाला. "बायको गेल्यापासून एकटा आहे मी. शाईचा हात कागदाला लावायचा नसतो. एकाने अक्षरांवर शाईचा रूळ फिरवायचा, दुसऱ्याने कोऱ्या हाताने कागद उचलायचा. एकट्याला दर कागदामागे हात धुवावे लागतात."

"मग मी बसतो ना तुमच्याबरोबर. कागद उचलतो." वर्लिन कोट काढायलाच लागला.

"नको!" म्हातारा जरा जोरातच बोलला. मग हसला. "अरे, तुझे हात नांगराचे. माझे खिळे लाकडी आहेत बाबा, एक पडला तर तसा दुसरा मिळायचा नाही. जा घरी. उद्या संध्याकाळपर्यंत करून ठेवतो."

वर्लिनला संध्याकाळपर्यंत धीर निघाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीच तो हजर झाला. छापखान्याच्या दाराला आतून कडी होती. बऱ्याच वेळाने टोलेफसनने ती काढली. दोरीवर पोस्टरं वाळत होती, आणि काळ्या अक्षरांनी भिंत भरून गेली होती. एवढ्या लवकर काम होईल असं वर्लिनला वाटलं नव्हतं.

"देवमाणूस आहात, काका."

"शाईला हात लावू नकोस," टोलेफसन पोस्टरं भराभर उतरवत म्हणाला. "एवढ्या जाड अक्षरात फार शाई बसते. दोन दिवस वाळत नाही. मध्ये रद्दी घालून ने, गुंडाळू नकोस. आणि निघ आता, बर्फ येतोय."

वर्लिनने उरलेला दिवस पोस्टरं ठोकण्यात घालवला. पोस्ट ऑफिस, चर्च, पशुखाद्याचं दुकान, पूल. लोक रस्त्यापलीकडूनच नाव वाचत, हळहळत आणि पुढे जात. जवळ येऊन कोणी तळ वाचत नसे.

"नाव तर चंद्रावरूनही दिसेल!" न्हावी डेलबर्ट दुकानाच्या दारातून ओरडला. "पण बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली तरी मी ओळखायचा नाही हो, वर्लिन!"

वर्लिनने मान खाली घालून पुढचं पोस्टर काढलं. न्हाव्यालाही मग आपल्या बोलण्याची लाज वाटली.

अंधारून आलं तेव्हा एकच पोस्टर उरलं होतं, गठ्ठ्यातलं सगळ्यात खालचं. ते त्याने छापखान्यासमोरच्या बसथांब्याच्या फळीवर लावायला घेतलं. छापखान्यावरच्या म्हाताऱ्याच्या माडीत दिवा लागला होता. वर्लिनने वरचे दोन खिळे ठोकले, खालच्यासाठी गुडघे टेकले, आणि दिवसभरात पहिल्यांदाच तळाची ती बारीक ओळ त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्यानेच सांगितलेली. दात, करंगळी, वण.

ओळीच्या खाली, कागद उचलताना जिथे धरतात त्या कोपऱ्यात, कोऱ्या पट्टीवर एक काळा अंगठा उमटला होता. लहानसा. त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक तिरकी पांढरी रेघ गेली होती.

वर्लिनने त्यावर बोट ठेवलं. शाई ओली होती.