एक नाही

पडदे लावून झाले तसा टेलरमास्तर स्टुलावरून उतरला. शिलाई किती, असं बाईने विचारलं.

"राहू द्या, वहिनी. उरलेल्या कापडाचे आहेत."

कापड उरलेलं नव्हतं. कालच त्याने नव्या ताग्यातून फाडलं होतं.

नवरा-बायको आणि दोन मुली, अशी चौघं महिन्यापूर्वी दोन बॅगा घेऊन या वसाहतीत आली. इथं त्यांचं ओळखीचं कुणी नव्हतं. सभागृहावरच्या दोन रिकाम्या खोल्या त्यांना वर्षभर द्यायच्या का, हे समितीतल्या सात जणांनी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं. त्या खोल्यांत यंत्रं मांडायचं मास्तरच्या मनात कधीचं होतं. त्याने 'नाही' लिहिलं.

चौघं बाहेर बाकावर बसून होती. समितीच्या अध्यक्ष माईंनी चिठ्ठ्या एकट्यांनीच उघडल्या, दाराकडे एकदा पाहिलं आणि जाहीर केलं, "सहा हो, एक नाही. खोल्या दिल्या."

तेव्हापासून मास्तरचं मन त्याला खात होतं. समितीतल्या इतरांकडे पाहिलं की जास्तच. वायरमनने सबंध रविवार घालवून खोल्यांची वायरिंग बदलली. नर्सताई कामावर रजा टाकून धाकटीला लस द्यायला घेऊन गेल्या. सगळी देवमाणसं, त्यांत आपण एकटेच करंटे.

"काका, तुम्ही शिवलेला फ्रॉक शाळेतल्या बाईंना आवडला," थोरली म्हणाली.

मास्तरला तिच्याकडे बघवेना. तो टेप गळ्यात तसाच ठेवून खाली माईंकडे गेला.

"माई, ती 'नाही'ची चिठ्ठी माझी होती."

माई चष्मा पुसत राहिल्या. "बरं."

"समितीतून माझं नाव काढा. त्या सहा जणांच्या मांडीला मांडी लावून बसायची माझी लायकी नाही."

"परवा वायरमन हेच बोलून गेला. काल नर्सताई रडून गेली."

मास्तर गोंधळला. "त्यांनी कशाला रडायचं? 'नाही' तर एकच होतं."

"तसं मी सांगितलं." माईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "'हो' एकाचंही नव्हतं, मास्तर. माझंसुद्धा."