काळ्या कापडाखाली

“हलू नकोस गं आई,” म्हणत मी बाबांच्या लाकडी कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घातलं.

बाबा गेल्यापासून आई रडलीच नव्हती. त्यांनी जन्मभर कॅमेरे आणि भिंगं बदलून अनावृत देहाचे फोटो काढले. मॉडेल एकच, आई. तिचा चेहरा मात्र ते छापताना कापून टाकत, फोटोत कधी येऊ दिला नाही.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर माणूस उलटा उमटतो. आईचं डोकं खाली दिसत होतं, ओठांची टोकं वर वळलेली. मी चरकले.

“आई, हसतेस?”

मी कापड दूर केलं. समोर आईचे ओठ खाली वळून थरथरत होते.

“तेही आतून हेच विचारायचे,” डोळे पुसत ती म्हणाली. “बाहेर येऊन मात्र भिंगाकडेच बघायचे.”