चौखूर घोड्याचा ठराव

पुतळा समितीचे अध्यक्ष बापूसाहेब मातीच्या घोड्यापुढे थबकले. "अहो दाजीबा, हा धावतोय की थंडीने कुडकुडतोय? चारही पाय पोटाखाली!"

"चौखूर धावताना चारही खूर जमिनीवरून सुटतात, साहेब, आणि पोटाखालीच येतात," मूर्तिकार दाजीबा पांचाळ म्हणाले. सहा महिने तबेल्यात बसून त्यांनी ही झेप मातीत पकडली होती. पुरावा म्हणून त्यांनी मोबाइलवर घोड्याची संथ केलेली दौड दाखवली.

बापूसाहेबांनी ती दोनदा पाहिली. "हा घोडा चुकीचा धावतो. आमच्या दिवाणखान्यातल्या चित्रात पाय पुढेमागे ताणलेले आहेत. तसेच करा."

ठराव एकमताने झाला. दाजीबांनी पाय ताणले. घोडा पोटावर आपटल्यासारखा दिसू लागला.

"एक विनंती, साहेब. चौथऱ्यावर माझ्याऐवजी समितीचे नाव कोरतो."

दाजीबांचा हा विनय समितीला फार भावला.