खायचं समोरून

"शेंगदाणेसुद्धा नाय?" गिरजाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"शेंगदाणेसुद्धा नाही," शेठ म्हणाला. "माझ्या बारमध्ये फक्त प्यायला मिळेल. खायचं समोरून, तुमच्याकडून येईल."

कोलाडच्या नाक्यावरची गिरजाबाईंची खानावळ वीस वर्षांची. पण रस्ता रुंद झाला, गाड्या न थांबता जायला लागल्या. त्यात समोर हा बार उभा राहिला. उरलीसुरली गिऱ्हाइकंही आता तिकडेच जेवणार, म्हणून त्यांनी आणि नवरा गुणाजीने गणपतीनंतर खानावळीला कुलूप घालायचं ठरवूनही टाकलं होतं. आणि हा माणूस सांगत होता, की त्याच्याकडे स्वयंपाकघरच नाही!

"पण का वो, शेठ?"

शेठ हसला. "माझ्या हातचं अन्न कोण खाईल, गिरजाबाई? दारूचं तसं नसतं."

पुरुषांच्या हाताला चव नसते, हे गिरजाबाईंना गुणाजीवरून पक्कं ठाऊक होतं. त्याही हसल्या.

त्याची अट एकच होती. जेवण स्टीलच्या ताटातच यायला हवं. पत्रावळ नको, कागद नको, पान तर नकोच. जाताना तो खानावळीच्या मागच्या दाराशी गेला आणि तिथल्या सपाट दगडाकडे बघत बराच वेळ उभा राहिला. बाहेरच्या माणसांना दगडधोंड्यांचंही कौतुक, असं म्हणून गिरजाबाई कामाला लागल्या.

त्या दगडावर पूर्वी पारी बसायची. आदिवासी वाडीवरची म्हातारी, रोज लाकडाची मोळी आणून टाकायची. गिरजाबाई मोळीचे पैसे तर द्यायच्याच, वर सागाच्या पानावर भात-आमटीही वाढायच्या. अंग चोरून, हात उंच धरून. आत ताटं होती, पण ती गिऱ्हाइकांची. पारी पाय पसरून जेवायची. डाव्या पायाच्या अंगठ्यावर तिच्या कोयत्याचा लांबलचक वण होता. जेवण झालं की पान स्वतः उचलून लांब टाकून यायची. आपण किती चांगल्या, असं गिरजाबाईंना रोज न चुकता वाटायचं. पण शिमग्यानंतर पारी फिरकलीच नाही. "चांगलं करून काय उपेग नाय," असं म्हणत गुणाजीने गॅस घेतला.

बार उघडला आणि गिरजाबाईंचे डोळे दिपले. भिंतभर आरसे, झुंबरं, भर दुपारी थंडगार हवा. पाटीवर नाव नव्हतं, नुसतं एक हिरवं सागाचं पान रंगवलेलं. पहिल्याच आठवड्यात ताटं कमी पडली. गुणाजी महाडहून नवी घेऊन आला, दोन बायका हाताखाली आल्या, कुलपाचं नावही कुणी काढेना. हातचा धंदा दुसऱ्याला देणारा हा कोण अवलिया, म्हणून अख्खा नाका तोंडात बोटं घालून बघत होता. गिरजाबाई तर संध्याकाळी देवाला हात जोडले की तेच हात खिडकीतून बारकडेही जोडायच्या.

दसऱ्याच्या सकाळी शेठ आला.

"आज दुपारी बार बंद. एकच ताट हवंय. माझी आई येणार आहे. तुम्ही स्वतः वाढायचं."

अशा लेकाला जन्म देणारी बाई कशी असेल, या विचारानेच गिरजाबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी वालाचं बिरडं केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सोलकढी केली. ठेवणीतली साडी नेसल्या.

"पहिला तिच्या पायावर डोकं ठेवीन," त्या गुणाजीला म्हणाल्या. "आपली चूल तिच्या लेकामुळं पेटती हाय."

"ठेव गो. माझाबी नमस्कार सांग," गुणाजी म्हणाला.

बारमधले सगळे दिवे लागले होते. मधल्या टेबलाशी एक बारीक चणीची म्हातारी बसली होती. कोरं हिरवं लुगडं, डोक्यावरून पुढे ओढलेला पदर. मागे शेठ हात बांधून उभा होता. देवळात शिरल्यासारखं वाटलं गिरजाबाईंना. मान वर करून बघायचंही त्यांना धाडस झालं नाही. दोन्ही हातांनी त्यांनी ताट अलगद टेबलावर ठेवलं, थंड फरशीवर गुडघे टेकले आणि म्हातारीच्या पावलांवर कपाळ ठेवलं.

डोळे उघडले, तेव्हा डाव्या अंगठ्यावरचा कोयत्याचा वण त्यांच्या अगदी नाकासमोर होता.