ताटावरचं मौन

भाईदास शेतशेजारी तोतारामला स्मशानात पोचवून आले, तेव्हा त्यांच्या बायकोने, झुंबरबाईने, नुकताच पहिला घास घेतला होता.

विहिरीवर आंघोळ करून ते ओल्या धोतरानेच ओट्यावर टेकले. दाढेखाली कडुलिंबाचा पाला होता, तो चावायचंही त्यांना सुचत नव्हतं.

चातुर्मासात झुंबरबाई एकदाच जेवे. दिवस मावळायच्या आत आणि मौनाने. ताटावर शब्द निघाला की ताट गाईपुढे, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत नुसतं पाणी. लग्न होऊन आली त्या वर्षापासूनचा नेम. एकदा जेवताना चुलीजवळ विंचू निघाला, तर तिने वाटी वाजवून तो सासूला दाखवला होता. गल्लीत त्याची अजून थट्टा चाले.

"लाकडं ओली व्हती," भाईदास म्हणाले. "पेटताच पेटेनात."

केळीचा भाव, विहिरीचं पाणी आणि सावदा स्टेशनावर केळीसाठी लागणारी वॅगन, यापलीकडे ते सहसा बोलत नसत. आज मात्र थांबले नाहीत.

"त्याच्या न् माझ्या शेताचा बांध एक. संगंच बागा लावल्या, संगंच कापल्या. घड दिल्लीले गेले. कोनं खाल्ले, ठाव नही. मंग पुन्हा लावल्या." ते तिच्याकडे वळले. "तू पोथ्या ऐकते, उपासतापास करते. मले एक सांग. आपन जन्माले कशाले आलो व्हतो?"

झुंबरबाईचा हात ताटातच राहिला. इतक्या वर्षांत या माणसाने तिला काही विचारलं असेल तर भाजीत मीठ का कमी, एवढंच.

उत्तर तिच्याजवळ होतं. कीर्तनात ऐकलेलं चौऱ्यांशी लक्ष योनींचं नव्हे, तिचं स्वतःचं. तिच्या पहाटेच्या आंघोळीसाठी हा माणूस रोज तिच्याआधी उठून बंब पेटवत आला होता. थंडी नाही, पाऊस नाही. कधी बोलून दाखवलं नाही. देवापुढे उभं राहताना तिच्या अंगात जी ऊब असे, ती यांची होती. आणि हे तिने त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं.

पण घास तोंडात होता. तिने डावा हात वर केला. थांबा.

भाईदासांनी त्या हाताकडे पाहिलं. "हां हां. जेव तू."

ती भराभर जेवू लागली. पानात टाकायचं नाही, आणि भाकरी तर आज संपता संपेना. तेवढ्यात केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम अभिमन ओट्याशी आला.

"नाना, उद्या वॅगन लागते. कापनी लावू पहाटेच? का दुखवट्याचं थांबता?"

"घड थांबतात का? लाव."

"तोतारामबाबांनी परवा मलेच इचारलं, आज भाव काय फुटला म्हने. अंगात ताप, डोये उघडत नहीत, न् भाव पाहिजे!"

दोघे हसले. भाईदास जरा जास्तच हसले.

चूळ भरून झुंबरबाई दारात आली. "काय इचारत व्हते तुम्ही?"

"मी? काही नही."

"इचारलं व्हतं."

"अवं, मसनातून आलेला मानूस काहीबी बरयतो. अभिमनले चहा ठेव."

परक्या माणसापुढे बंबाची गोष्ट काढायची कशी? ती चहा ठेवायला आत गेली. अभिमन बराच वेळ बसला. तो गेल्यावर ती बाहेर आली, तोवर भाईदासांनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली होती.

पहाटे बंब पेटलेला होता आणि ते बागेत गेलेले.

दिवसभर तिने ते शब्द तोंडात घोळवले. सूर्य कलला, तरी ते परतले नाहीत. उजेड जाऊ लागला, तसं तिने नाइलाजाने वाढून घेतलं. दोन घास खाल्ले असतील, तोच ते आले. केळीच्या चिकाने सदरा काळा झालेला, पाय चिखलाने भरलेले. वाहाणा पायरीशी काढून त्यांनी रांजणाचं पाणी पायांवर घेतलं. तिच्या ताटाकडे नजर गेली आणि ते ओट्यावर न बसता मागे वळले.

"तू जेव. मी पाराकडं जाऊन येतो. इथं बसलं का तोंडातून काहीतरी निंघतं."

त्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

ते पायरी उतरले. काल बोलली असती, तर काय गेलं असतं? अर्धी भाकरी.

"अहो!"

भाईदास दचकून वळले. चातुर्मासात ताटावरून तिचा आवाज त्यांनी आजवर ऐकला नव्हता. "काय वं? ठसका लागला का?"

दिवसभर घोळवलेले शब्द तिने शोधले. समोर त्यांचे धुतलेले, अनवाणी पाय होते.

"वाहना घाला," ती म्हणाली. "चिखल हाये."

भाईदासांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग ताटाकडे, त्यातल्या मोडलेल्या भाकरीकडे.

"एवढ्यासाठी मोडला नेम?"

ती ताट उचलून गोठ्यात गेली. गाईने भाकरी खाल्ली, ताट चाटलं, तरी ती तिथेच उभी राहिली. परत आली तेव्हा ओट्यावर कोणी नव्हतं. वाहाणांचे ठसे चिखलातून पाराकडे गेले होते आणि एकेकात पाणी भरत होतं.